१९६८ची फियाट ११०० डी: बाहेरचे आरसे मडगार्डवर लावावेत की दारावर?

सातारी_फियाट

नमस्कार मंडळी,

आजोबांची १९६८ची फियाट ११०० डी पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगचं काम झालंय. रंगकाम पुढच्या महिन्यात आहे, सीटचं त्यानंतर. गाडीला बाहेरचा एकही आरसा नाही, आतला छोटा तेवढा आहे. रंग खरवडल्यावर उजव्या मडगार्डवर लांबी (पुटी) भरून बुजवलेली दोन भोकं सापडली, म्हणजे कधीकाळी तिथे आरसा होता. डावीकडे मात्र काहीच खूण नाही.

आता आरसे त्या जुन्या जागीच मडगार्डवर लावावेत की दारावर? डावीकडेही लावावा का? काच सपाट घ्यावी की बहिर्गोल? आणि भोकं रंगाआधी पाडायची की नंतर? आमच्या भागातल्या दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. गाडी आम्ही खरोखर चालवणार आहोत. सातारा ते वाई आणि कधीमधी पुणे असा बेत आहे. तेव्हा अनुभवाचं सांगा.

नाना_मंगळवारपेठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. भोकं रंगाच्या आधी. रंगानंतर ड्रिल लावलं की भोकाच्या कडेचा रंग टवका होऊन उडतो आणि उघडा पत्रा राहतो. पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंजाचा ओघळ सुरू होतो. आधी भोक पाडा, कानशीने कड साफ करा, कडेला आतबाहेर प्रायमर द्या आणि मग रंगाला सोडा.

आरसे पुण्यातल्या जुन्या बाजारात बघा. बुधवारी आणि रविवारी भरतो. क्रोमचे गोल आरसे अजून मिळतात, पण दांड्याचा बॉल हातात धरून फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ढिला बॉल कितीही आवळला तरी खड्ड्यात मान टाकतो.

डोंबिवली_फास्ट

मडगार्डवरच! त्या गाडीचं रूपच तिथं खुलतं. दारावरचे आरसे म्हणजे नंतरच्या काळातला थाट.

मृण्मयी_के

मी गेली बरीच वर्षं आमची प्रीमियर पद्मिनी (११०० डीच पुढे या नावाने निघाली) चालवते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. आरसा कुठे शोभतो हे गाडीबाहेर उभं राहून ठरतं, तो कुठे दिसतो हे सीटवर बसूनच कळतं. आमच्या गाडीला दारावर आरसा होता. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात ती फिरणारी तिकोनी काच असते ना, तिची उभी पट्टी नेमकी माझ्या डोळ्यांच्या आणि आरशाच्या मध्ये यायची. माझ्या नवऱ्याला अजिबात अडचण नव्हती, तो उंच आहे आणि सीट मागे घेऊन बसतो. मी पुढे सरकून बसते, तर मला अर्ध्या आरशात पट्टीच दिसायची. शिवाय ती काच वाऱ्यासाठी उघडली की आरशाच्या दांड्याला लागायची.

म्हणून सातारी, आधी हे ठरवा की गाडी जास्त कोण चालवणार आहे. त्या माणसाला सीटवर बसवा, दुसऱ्याने बाहेर आरसा नुसता हाताने धरून पुढेमागे सरकवायचा. जिथे पूर्ण काच दिसते तिथे खडूने खूण करायची. तोवर ड्रिलला हात लावायचा नाही.

लेथवाला_कोल्हापूर

मृण्मयीताईंशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे उद्यमनगरात लोक आरशाचं बूड घेऊन येतात, “याला पाचर बनवून द्या” म्हणून. मडगार्डला गोलाई असते, आरशाचं बूड सपाट असतं. नुसतं आवळलं की पत्रा आत दबतो आणि आरसा तिरका बसतो. पाचर रबराची हवी आणि गोलाईच्या मापाने कापलेली हवी.

दुसरी गोष्ट थरथर. आरसा थरथरतो तेव्हा लोक दांड्याला दोष देतात. बहुतेक वेळा दोष पत्र्याचा असतो. मडगार्डचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, त्यावर लांब दांडा आणि टोकाला वजनदार काच. गाडी उभ्याउभ्या चालू ठेवली तरी मागचं चित्र फिसकटतं. यावर इलाज म्हणजे पत्र्याच्या आतून दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पट्टी, दोन्ही भोकं सामावतील एवढी. पट्टीमुळे ताण दोन नटांवर न राहता पसरतो. मडगार्डच्या आत चाकाचा चिखल थेट उडतो, म्हणून नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि वर ग्रीस फासा. साधे नट घेतले तर काही वर्षांनी आरसा काढायला छिन्नीच लागते.

भूमितीप्रेमी

सपाट की बहिर्गोल हा प्रश्न जागेपासून वेगळा काढता येत नाही. आकडे मांडतो.

आरसा १० सेंटिमीटर व्यासाचा गोल धरू. दारावर असेल तर डोळ्यापासून साधारण ६० सेंटिमीटर, मडगार्डवर असेल तर साधारण दीड मीटर. काच सपाट असेल तर एका डोळ्याला दारावरच्या आरशातून साडेनऊ अंशांचा पट्टा दिसतो आणि मडगार्डवरच्या आरशातून चार अंशांहून कमी. म्हणजे ३० मीटर मागे दारावरचा आरसा पाच मीटर रुंदीचा रस्ता दाखवतो, मडगार्डवरचा जेमतेम दोन मीटर. एक लेन साडेतीन मीटरची असते. मडगार्डवर सपाट काच लावली तर एक लेनसुद्धा पुरती दिसत नाही.

आता तीच काच बहिर्गोल करू, वक्रता त्रिज्या १.२ मीटर. मडगार्डवर ३० मीटर मागचा सात मीटरचा पट्टा दिसायला लागतो, दोन लेन आरामात. पण त्याची किंमत मोजावी लागते. मागची गाडी सपाट काचेत दिसते त्याच्या साडेतीन पट लहान दिसते. दारावर हीच बहिर्गोल काच असेल तर ती साधारण निम्मी दिसते. लहान दिसणारी गाडी मेंदूला लांब वाटते, खरा धोका तिथेच आहे.

माझं मत: मडगार्डवर लावणार असाल तर बहिर्गोलच हवी, दुसरा मार्ग नाही. उजव्या दारावर लावणार असाल तर सपाट चालेल, अंतराचा अंदाज नेमका येईल.

डोंबिवली_फास्ट

वा! एवढं गणित असेल याची कल्पना नव्हती. मत तेच आहे, पण आता बहिर्गोल काचेसकट.

मूळरूप

मी विरोधी सूर लावतो. गाडी १९६८ची आहे, म्हणजे पन्नास वर्षं कधीच उलटली. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा अशी अट आहे. उजवीकडची जुनी भोकं वापरा, तो त्या गाडीचाच इतिहास आहे. पण डावीकडचा पत्रा इतकी वर्षं अखंड राहिलाय, त्याला का छेदता? पत्रा एकदा कापला की परत येत नाही. पुढच्या पिढीच्या हातात गाडी जाईल तेव्हा त्यांना मूळ पत्रा मिळावा असं मला मनापासून वाटतं.

नाना_मंगळवारपेठ

मूळरूप, आरशाची दोन भोकं म्हणजे बॉडीत बदल असं कोणी धरत नाही हो. तो नियम छत कापणं, इंजिन बदलणं यासाठी. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की रोजच्या वापरावर बंधनं येतात. धागाकर्ते तर पुण्यापर्यंत चालवणार म्हणताहेत.

मूळरूप

नियमाचं सोडा एक वेळ. मी पत्र्याबद्दल बोलतोय. डाव्या आरशाशिवाय या गाड्या तीस-तीस वर्षं चालल्याच ना?

मृण्मयी_के

चालल्या, पण त्या रस्त्यावर बाकीच्या गाड्याही तशाच चालत होत्या. आज सातारा-पुणे रस्त्यावर फियाट ताशी ६०ने जाते आणि मागून येणारी गाडी १००ने. फरक ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पन्नास मीटर मागे असलेली गाडी साडेचार सेकंदांत तुमच्या शेजारी असते. आपण हळू म्हणून डाव्या लेनमध्ये, त्यामुळे रस्त्याच्या डाव्या कडेवरून दुचाक्या घुसतात. वाईला वळण घ्यायचं तर डावीकडे कोण आहे ते बघायला मान पूर्ण मागे फिरवायची का? तेवढ्यात पुढे काय होतंय ते सुटतं. मला पत्र्याबद्दल तुमच्याइतकंच वाटतं मूळरूप, पण आतल्या माणसांबद्दल त्याहून जास्त वाटतं.

वडापवाला

आमच्याकडे पूर्वी क्लीनर हाच डावा आरसा. दाराला लटकून “जाऊ द्या, जाऊ द्या!” ओरडायचा आणि रात्रीसुद्धा चालायचा 😀

मंदार_तोक्यो

मडगार्डवरच्या आरशांचा विषय निघालाय तर इथलं सांगतो. जपानमध्ये १९८३पर्यंत तिथल्या बाजारासाठीच्या गाड्यांना आरसे मडगार्डवरच असणं बंधनकारक होतं. नंतर दारावर चालू झाले, पण टॅक्सीवाल्यांनी मडगार्डचे सोडले नाहीत. तोक्योच्या जुन्या ढंगाच्या टॅक्सींवर ते अजून दिसतात. कारण सोपं आहे: समोर बघता बघता डोळे जरा हलवले की आरसा दिसतो, मान वळवावी लागत नाही. बाजूच्या प्रवाशाकडे टक लावून बघितल्यासारखंही होत नाही.

अजून एक फायदा पावसातला. मडगार्डवरचा आरसा पुढच्या काचेतून दिसतो, आणि ती काच वायपर पुसतो. दारावरचा आरसा बाजूच्या काचेतून बघावा लागतो, ती पावसात ओघळांनी भरलेली. फक्त आरसा वायपरच्या फेऱ्यात येणाऱ्या भागातून दिसतोय ना ते बसून तपासा.

मडगावचो_पाव्स

पावसाचा मुद्दा लाखाचा, मंदार. आमच्याकडे चार महिने तोच अनुभव.

त्याच पावसाचं दुसरं रूपही ऐका. किनाऱ्यावर जुन्या आरशाची काच कडेने काळी पडत आत सरकते. काचेच्या मागचा लेप दमटपणाने कडेकडून सुटतो. नवी काच कापून घेतलीत तर बसवण्याआधी तिच्या मागच्या कडेला तैलरंगाचा किंवा नेलपॉलिशचा हात द्या. क्रोमच्या वाटीच्या तळाला एक बारीक भोक असतं, पाणी निथळायला. पॉलिश करणारे ते हमखास बुजवून टाकतात. ते उघडं आहे का बघा आणि वाटी बसवताना भोक खाली येऊ द्या.

सातारी_फियाट

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. डावीकडे लावायचाच, हे मृण्मयीताईंच्या साडेचार सेकंदांनी नक्की झालं. गाडी मी आणि माझी बहीण चालवणार आहोत, ती माझ्याहून बरीच बुटकी आहे. बहिर्गोल काच गोल वाटीच्या मापाची कुठे मिळेल? काचवाला म्हणतो सपाट कापून देतो, बहिर्गोल नाही.

लेथवाला_कोल्हापूर

बहिर्गोल काच साध्या काचवाल्याकडे नाही मिळणार. दोन वाटा आहेत. स्कूटरच्या किंवा ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात बहिर्गोल काचा मिळतात, त्यातली वाटीच्या मापाच्या जवळची घ्यायची आणि कडेला रबरी पट्टी टाकून बसवायची. नाहीतर बहिर्गोल काचेचा अख्खा आरसाच घ्यायचा. स्कूटरच्या काचेची गोलाई कधीकधी फार असते, मागचा ट्रक खेळण्याएवढा दिसतो. दुकानातच हात लांब करून मागचा रस्ता बघा, दोन काचा शेजारी धरल्या की फरक लगेच कळतो. आणि डाव्या-उजव्या दोन्हीकडे एकाच गोलाईची काच हवी, नाहीतर मेंदू दोन हिशेब ठेवत बसतो.

लीड्सकर

मूळरूप यांची कळकळ मला कळते. इकडे इंग्लंडात जुन्या मॉरिस मायनर गाड्या बाळगणाऱ्यांच्यात हाच वाद कायम चालतो. त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे: दाराच्या कडेला पकडणारे क्लॅम्पचे आरसे, भोक न पाडता लागणारे. पण त्याच्याही कुरबुरी आहेत. क्लॅम्पच्या दाताखाली रंग चिरडतो आणि तिथे पाणी साठून गंज धरतो, म्हणून मध्ये रबराची पट्टी हवीच. दार जोरात लावलं की आरसा हलतो आणि लावणी बिघडते.

जुनी_डुक्कर

आमच्याकडे डुक्कर फियाट आहे, म्हणजे ११००चं आधीचं मॉडेल, पुढची दारं उलटी उघडणारी. अशा दारावर आरसा लावूच नका, क्लॅम्पचाही नाही. बिजागरी मागे आणि कुलूप पुढे, त्यामुळे आरसा नेमका कुलपाच्या डोक्यावर येतो. दार लावताना सगळा दणका तिथेच बसतो. आत कुलपाची यंत्रणा असल्याने बोल्टला जागाही मिळत नाही. आमचे मडगार्डवर आहेत आणि सुखात आहेत.

डोंबिवली_फास्ट

डुक्करचा फोटो टाका की राव!

जुनी_डुक्कर

रविवारी धुतो आणि टाकतो.

नाना_मंगळवारपेठ

अवांतर: मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून त्यांचे सुटे भाग भंगारात बऱ्यापैकी आले. कुर्ल्याकडे कोणी जाणार असेल तर आरशांच्या जोड्या तिथेही बघा. टॅक्सीचे आरसे दिसायला साधे, पण दांडे दणकट.

भूमितीप्रेमी

आरसे लावण्याची जागा झाली, आता ते जुळवण्याबद्दल. यावर कोणी बोललंच नाही आणि निम्मा फायदा त्यातच असतो.

आरसा एक अंश फिरवला की नजर दोन अंश फिरते. ३० मीटर मागे ते एक मीटरहून जास्त होतं. म्हणजे बोटाच्या हलक्या धक्क्याने अख्खी दुचाकी आरशातून गायब होऊ शकते. म्हणून नट पूर्ण आवळण्याआधी, जोर लावल्यावरच हलेल इतपत घट्ट ठेवून जुळवा आणि मग आवळा. आवळताना आरसा हमखास थोडा फिरतो, तेव्हा दुसऱ्याने वाटी धरून ठेवावी.

उजवीकडचा आरसा जुळवताना डोकं उजव्या काचेला लागेल इतकं झुकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल असा ठेवा. डावीकडच्यासाठी गाडीच्या मध्यावर झुका आणि तसंच करा. मग सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत आपली गाडी दिसत नाही. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं, पण आपली गाडी बघण्यासाठी आरसा नसतोच. आतला आरसा मागचं दाखवतो, बाहेरचे तो जिथे संपतो तिथून पुढचं. ही रीत दारावरच्या आरशांची. मडगार्डवरचे आरसे आपल्यापुढे असतात, त्यांत गाडीची कड किंचित दिसू द्यावी, नाहीतर आरसा कुठे बघतोय त्याचा संदर्भच राहत नाही. उंचीला क्षितिज काचेच्या मध्यावर.

आणि गाडी भरलेली असताना जुळवा. मागे तिघं बसले की शेपूट खाली जातं आणि आरशात रस्ताच रस्ता दिसतो.

मृण्मयी_के

भूमितीप्रेमी, रात्रीचंही सांगा ना. जुन्या गाड्यांच्या आरशाला अंधुक करायची सोय नसते. मागच्या ट्रकने वरचे दिवे लावले की सपाट काच डोळे दिपवते. बहिर्गोल काचेत दिवा लहान होतो, त्रास कमी. आम्ही उजवीकडे सपाट काढून बहिर्गोल लावली ती याचसाठी.

भूमितीप्रेमी

बरोबर. बाहेरचे आरसे आपली कड दिसणार नाही इतके बाहेर वळवले की थेट मागच्या दिव्यांचा झोतही डोळ्यात कमी येतो. उजव्या दारावर सपाट चालेल हे माझं म्हणणं दिवसापुरतं खरं. रात्री महामार्गावर जाणार असाल तर ताईंचं ऐका.

लेथवाला_कोल्हापूर

सातारी, एक गोष्ट तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे आणि ती आत्ता परत वाचताना खटकली. सीटचं काम तुम्ही रंगानंतर ठेवलंय. जुन्या फियाटच्या सीटचा स्पंज आणि स्प्रिंगा बसलेल्या असतात. नवं भरलं की माणूस चांगला दोन इंच वर येतो. आज बसून खडूची खूण केली आणि सीट नंतर भरली तर दोघांचीही नजर बदलेल. सगळा क्रमच उलटा करावा लागेल.

नाना_मंगळवारपेठ

हे फार महत्त्वाचं बोललात. आधी सीट भरा, मग बसून खुणा, मग भोकं, मग रंग. नव्या सीटवर रंग उडू नये म्हणून ती काढून ठेवा, चार बोल्टचं काम आहे.

सातारी_फियाट

सीटवाल्याशी आजच बोललो, तो रंगाआधी करून द्यायला तयार आहे. रंगाची तारीख पुढे ढकलली.

तोवर काल संध्याकाळी जुन्या सीटवर जाड उशी टाकून बहिणीला आणि मला आलटून पालटून बसवलं, चुलतभावाने जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आरसा धरला. उजवीकडे जुन्या भोकांच्या जागी दोघांनाही पूर्ण काच दिसते. डावीकडे तीच जागा घेतली तर बहिणीला वायपरच्या फेऱ्याबाहेरून दिसतो. चार बोटं मागे घेतला तर दोघांनाही फेऱ्याच्या आतून दिसतो. बॉनेट पूर्ण उघडून बघितलं, लागत नाही. म्हणजे दोन्ही आरसे मडगार्डवर, बहिर्गोल, पण डावा उजव्यापेक्षा थोडा मागे. समोरून बघताना जोडी किंचित वेगळी दिसेल. चालेल ना?

मूळरूप

चालेल. आणि भोक पाडाल तेव्हा आधी कागदी टेप लावा, पंचने ठोका, तीन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून वाढवत न्या. आतून पट्टी लावणार आहातच. पत्रा कापायचाच असेल तर नीट कापला जावा एवढीच इच्छा.

डोंबिवली_फास्ट

मडगार्ड! मडगार्ड! 🎉

उत्तरपाडा_अँबी

धागा छान रंगलाय. माझ्या अँबॅसडरला उजव्या दारावर आरसा आहे, डावा नाही. बॉनेट उंच आणि गोल असल्याने डाव्या मडगार्डवरचा आरसा ड्रायव्हरला पूर्ण दिसेल का? की दारावरच लावू?

मृण्मयी_के

पुठ्ठ्यावर आरसा चिकटवा आणि बसून बघा. कोण चालवतं ते आधी सांगा.